सुमनआत्या सोशिक नव्हती

फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडवर एका कॉलेजच्या फाटकाशी पत्रकं वाटत होते. आत्याच्या शेजारच्या जोशीकाकूंचा फोन. "अगं, सुमनताई भाजीबाजारात खाली बसल्या त्या बसल्याच... आम्ही दवाखान्यात आणलंय, पण डॉक्टर काही बोलत नाहीत गं." डॉक्टर बोलत नाहीत म्हणजे काय ते मला कळलं. पोचले तेव्हा माझी आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, स्ट्रेचरवर होती आणि जोशीकाकू मेथीची जुडी छातीशी धरून उभ्या होत्या. जुडी आत्याने घेतलेली. भाव पाडून घेतलेली, हे काकूंनी मला रडत रडत सांगितलं.

दशक्रिया विधी सायखेड्याला, आत्याच्या सासरच्या गावी, गोदेच्या काठावर झाला. प्रवचन झालं, मग माइकवर श्रद्धांजलीची रांग लागली. ज्यांनी आत्याला आयुष्यात कधी पाणी विचारलं नाही ते एकेक जण उठून सांगत होते, माउली किती सोशिक होती, किती मायाळू होती, तोंडातून कधी वावगा शब्द नाही. वावगा शब्द नाही! आत्याच्या तोंडाला तीस वर्षं अख्खा निफाड तालुका घाबरून होता. शेवटी तिच्या मुलाने, प्रशांतदादाने, दुबईच्या जावयाचा मेसेज वाचून दाखवला. "आईंच्या जाण्याने मी पोरका झालो." लोकांनी हळहळून माना डोलावल्या. मी उठून माइक मागितला. एक चुलते म्हणाले, "ए पोरी, बस खाली. दहावा हाय हा, तुझा मोर्चा नाय." माइक मिळाला नाही. म्हणून इथे लिहिते आहे. ज्यांना वाईट वाटायचं त्यांना वाटो.

आत्या नवरा गेल्यावर सायखेड्याहून नाशकात आली आणि एका लहानशा फ्लॅटमध्ये विद्यार्थ्यांचे डबे करू लागली. पोरांवर माया करणारी मावशी वगैरे ती अजिबात नव्हती. पोरगं डब्यात भात टाकून परत आलं की दुसऱ्या दिवशी त्याला भात मिळत नसे. पैसे महिन्याच्या आधी. "उधारीवर भूक लागती का तुला?" असं ती इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारायची. मला ती भाषणबाई म्हणायची. आमचा गट ऑनलाइन फसवणुकीविरुद्ध, बायकांच्या हक्कांबद्दल पत्रकं काढतो, वाटतो, भिंतींवर चिकटवतो. माझं प्रत्येक पत्रक ती चष्मा लावून वाचायची आणि पोळ्या त्यावर गार करायला टाकायची. "कागद चांगला वापरता तुम्ही," एवढंच म्हणायची.

तिची मुलगी रूपाली माझ्याहून थोडी मोठी. तिचं लग्न वाजतगाजत झालं. मुलगा दुबईत मोठ्या हुद्द्यावर, प्रशांतदादाने शोधलेला, त्याच्याच ओळखीतला. तिथे गेल्यावर नवऱ्याने आधी तिचा पासपोर्ट "जपून ठेवतो" म्हणून कपाटात टाकला. मग तिचं ओळखपत्र गेलं. मग घरखर्चाचे पैसे मोजूनमापून, पावती दाखवली तर. मग हात उठायला लागला. इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत तिला शबाना भेटली, आपल्या मालेगावची, तिथल्या एका सलूनमध्ये काम करणारी. दोघींची बोलीवरून ओळख पटली. शबानाच्या फोनवरून रूपालीने आईला पहिल्यांदा खरं सांगितलं. आत्या रडली नाही. तिने विचारलं, "तिथून निघायला काय लागतं?" रूपाली म्हणाली, राहायला जागा, वकील, आणि त्यासाठी पैसे. "मग रडू नको. भाव विचारून ठेव."

आता बँकेची गोष्ट. आत्या आपली मोडलेली ठेव घेऊन रीतसर बँकेत गेली. मी सोबत होते. काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं, "आजी, दुबईत कोण आहे तुमचं?"

"लेक."

"मग लेकीच्या खात्यावर टाका."

"तिचं खातं तिच्या नवऱ्याच्या खिशात हाय."

"म्हणजे जॉइंट आहे का?"

"जॉइंट नाय. जप्त."

साहेब हसले. शबानाच्या खात्यावर पाठवायचे तर नातं काय, उद्देश काय, ही शबाना कोण, तुम्ही तिला कधी पाहिलंय का? मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे आमच्याच गटाचं पत्रक चिकटवलेलं होतं. 'न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवू नका.' मी सांगितलं, मजकूर माझा आहे, बरोबर आहे, आणि या बाईला लागू नाही. साहेबांना ते पटलं नाही. त्यांनी आम्हाला बसवून ठेवलं, चहा दिला, आणि आत जाऊन आत्याच्या खात्याला जोडलेल्या दुसऱ्या नंबरावर, म्हणजे प्रशांतदादाला, फोन केला. 'तुमच्या आईची फसवणूक होत असावी, घरातल्या जबाबदार माणसाने यावं.' आत्याचे पैसे, आत्याची सही, आणि जबाबदार माणूस तिचा मुलगा! दादा आला. आईला काही न विचारता बाहेरच्या पायऱ्यांवर उभं राहून त्याने थेट जावयाला फोन लावला. "भाऊजी, काय प्रकार आहे? आई पैसे पाठवायला निघाली..." त्या रात्री रूपालीला मार बसला. पुढे कित्येक दिवस तिचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही. दादाचं म्हणणं, तो घर सांधत होता. बँकेचं म्हणणं, त्यांनी वृद्ध ग्राहकाचं रक्षण केलं. सगळ्यांनी आपापलं कर्तव्य केलं. मार तेवढा तिने खाल्ला.

मग एका दुपारी आत्या माझ्या खोलीवर आली. जिने चढून धाप लागलेली. म्हणाली, "तू ज्याच्या नावानं शिमगा करतीस ना, ते क्रिप्टो, ते शिकव मला." शबानाने तिला सांगितलं होतं, "खाला, मेरे मोबाइल में पाकीट है, नीचे दुकानवाला कॉइन लेके रोकडा देता. बैंक को बीच में लाना ही काय को?"

मी साफ नाही म्हटलं. मी या प्रकाराच्या विरोधात आहे, आजही आहे. या नाण्यांच्या नादाने बुडालेली घरं मी पाहिली आहेत, त्यांच्या तक्रारी लिहून दिल्या आहेत. "आत्या, ही चोरांची वाट आहे."

"साधूंच्या वाटेनं जाऊन आले की. साधूंनी जावयाला फोन केला."

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. आमच्या ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे नियमात बसतं की नाही हे नियम करणाऱ्यांनाच अजून नीट सांगता येत नाही, पण खातं तिच्या नावाचं ठेवा, ओळखीची कागदपत्रं खरी द्या, कर चुकवू नका. तसंच केलं. प्रत्येक व्यवहारावर सरकारने आपला वाटा कापून घेतला. त्या कामाला कोणाचं नातं विचारावं लागलं नाही!

शिकवणी तिच्या ओट्याशी चालायची. तिचे हात कणकेत, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला. डॉलरशी भाव बांधलेलं एक डिजिटल नाणं आपण विकत घ्यायचं आणि शबानाच्या पाकिटाच्या पत्त्यावर पाठवायचं, एवढंच मी समजावत होते. "पाकीट म्हणता आन दिसत तर नाय. मग भूत म्हणा की." तो लांबलचक अक्षरांचा पत्ता पाहून म्हणाली, "पत्ता हाय का मांजरानं चालून ठेवलंय?" मी सांगितलं, एक अक्षर चुकलं तर पैसे गेले, परत मागायला जगात कोणी नाही. तेव्हा मात्र तिने हात धुतले, पुसले, चष्मा काढून पुन्हा लावला. आधी अगदी थोडी रक्कम पाठवायची, पोचली की मग बाकीची, हे मी सांगितल्यावर म्हणाली, "मीठ चाखून बघायचं. ते मला नको शिकवू." ओटीपी कोणाला सांगायचा नाही म्हटल्यावर माझ्याकडे असं पाहिलं... "मी माझं दुखणं कोणाला सांगत नाय, ओटीपी सांगते व्हय?"

पहिली रक्कम पोचली तेव्हा शबानाचा आवाज आला. "मिला खाला, मिला! दुकानवाले ने गिन के दिया." आत्याने फोन माझ्या हातात दिला आणि कढईतली भाजी हलवत राहिली. पाठमोरीच होती. त्याच पैशांतून शबानाने आपल्या खोलीतला एक पलंग रूपालीसाठी भाड्याने घेतला. नवरा कामावर गेला असताना रूपाली अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. नवऱ्याने लगेच तक्रार केली की बायको पळाली. आता वकील लागणार होता, नाहीतर तिथे ती कायद्यानेच पळपुटी ठरणार होती.

त्या वकिलाच्या कचेरीने पैसे भरायला फोनवर उघडणारं एक पान पाठवलं. क्रिप्टोने भरा, दाखवली तेवढीच रक्कम भरा, दिलेल्या वेळात भरा. मी तेव्हा एका मोहिमेसाठी सटाण्याकडच्या गावांत फिरत होते, फोनला रेंज नव्हती. पानावरचं घड्याळ उलटं पळताना पाहून आत्याने एकटीनेच पैसे पाठवले. सगळं बरोबर केलं. पत्ता बरोबर, नाणं बरोबर. फक्त रक्कम शून्यावर संपत होती, आणि आमच्याकडे लेकीच्या कामाला शून्यावर पैसे देत नाहीत. लग्नाचं पाकीट असो, माहेरची भेट असो, देवाची पेटी असो, वर एक ठेवायचा. शून्य म्हणजे संपलं, वरचा एक म्हणजे पुढं चालू. आत्याने वर एक डॉलर ठेवला.

पान लाल झालं. रक्कम जुळत नाही. पैसे त्यांच्याकडे पोचले होते, पण त्यांच्या यंत्राच्या लेखी कोणीच भरले नव्हते. मी परत येऊन मेलवर मेल केले. उत्तर एकच, तुमची विनंती मिळाली आहे. कमी भरले तर जगात कोणीही अडवतं. जास्त भरले म्हणून अडवणारं यंत्र माणसाने बनवलं, त्याच्यामागे एक माणूस बसवायची मात्र त्याला गरज वाटली नाही! आणि हे म्हणे बँकांच्या जाचातून सोडवणारं तंत्रज्ञान. शेवटी शबाना सुट्टी टाकून त्या कचेरीत जाऊन उभी राहिली. "बुढ्ढी ने कम भेजा क्या? ज़्यादा भेजा ना? तो फिर काय की तकलीफ?" समोरासमोर जिवंत माणूस आल्यावर काम मिनिटांत झालं. पण तोवर पासपोर्ट परत मिळवायच्या दाव्याची कोर्टातली तारीख हुकली होती आणि पुढची बरीच लांबची मिळाली. पासपोर्ट रूपालीच्या हातात पडायच्या आधीच आत्या भाजीबाजारात खाली बसली.

दहाव्याला जेवणाच्या पंगतीत दादा मोठ्याने म्हणाला, "त्या वरच्या एका डॉलरनं घात केला बघा. आईच्या खुळानं लेकीची भेट हुकली." लोकांनी चक् चक् केलं. मी त्याला तिथेच विचारलं आणि इथेही विचारते. तिला त्या वाटेला कोणी लावलं? बँकेच्या पायऱ्यांवरून फोन कोणी लावला? ज्याने मारलं त्याचा मेसेज आईच्या दहाव्याला कोणाच्या तोंडून वाचला गेला? बाईने लेकीच्या सुटकेवर शकुनाचा एक ठेवला तर खूळ, आणि तुम्ही तिला त्या घरात ठेवायला फोन फिरवलात ती मात्र काळजी? दादाने वाढप्याला हाक मारून आणखी वरण मागितलं.

आत्याच्या सहनशीलतेचे गोडवे गाणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. सोसणारी बाई मुलीला सांगते, सोस. आत्याने आयुष्यात एकदाही रूपालीला तो सल्ला दिला नाही. उलट शेवटच्या भेटीत मला म्हणाली होती, "मी तिला जमवून घे म्हणले असते ना, तर आज समदे मला देवी म्हणले असते." ती जिवंत असताना तिला देवी कोणी म्हटलं नाही. मेल्यावर सगळ्यांनी म्हटलं, तिला उलटून बोलता येत नाही म्हणून.

रूपाली गेल्या पंधरवड्यात आली. एक पिशवी घेऊन आली. सायखेड्याला नाही गेली, विमानतळावरून सरळ आईच्या फ्लॅटवर आली. बँकेच्या त्या प्रकारानंतर आत्याने मिस्त्री बोलावून दाराचं कुलूप बदललं होतं, कारण जुन्याची किल्ली दादाकडे होती. नव्याची एक किल्ली माझ्याकडे ठेवली होती, रूपालीसाठी. ती मी तिच्या हातात दिली. दाराला आत्याने आतून एक जाड साखळीही लावून घेतली होती. आम्ही चहा घेत होतो तेव्हा बेल वाजली. रूपालीचा कप हातातच थांबला, ती जागची हलली नाही. पुन्हा वाजली. बाहेरून दादाचा आवाज, "रूपा, दार उघड. फ्लॅटचं बोलायचंय, आणि भाऊजी लाइनवर आहेत, दोन मिनिटं बोल त्यांच्याशी."

रूपाली उठली. दारापर्यंत गेली. साखळीवर हात ठेवून उभी राहिली, मला वाटलं काढतेय... तिने ती नीट बसली आहे ना एवढंच पाहिलं. आणि परत येऊन तिने मघाशी मळून ठेवलेली ओट्यावरची कणीक पुढे ओढली. बेल बराच वेळ वाजत होती. पहिल्या पोळीला वाफ आली तेव्हा थांबली.