एका बाजूची गाठ

"हे काय वं पोरी? एकाच बाजूले गाठ? कोणी हात लावला तुले?"

गावच्या जमिनीचा मालक असलेल्या मालगुजाराची बायको शेताच्या धुऱ्यावर, उंच बांधावर उभी होती. मी खाली धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, हातात लावायचे पऱ्हे, धानाची कोवळी रोपं. ओल्या झंपरातून छातीची डावी बाजू थोडी वर दिसत होती. बाईनं छत्री मिटली आणि तिच्या टोकानं तिथंच दाखवलं. रोवणी करणाऱ्या बायांची अख्खी रांग थांबली. कोणीतरी फिदीफिदी हसलं.

मी अकरा वर्षांची. कोणी हात लावला नव्हता. पण दुखत तर खरंच होतं, आणि का दुखतं ते मला ठाऊक नव्हतं. शेजारी रोवणाऱ्या आईलाही नव्हतं. तिला तरी कोणी सांगितलं होतं?

"गाठच होय बाई. जिरवून टाकतो," आई खाली मान घालून म्हणाली.

घरी आल्यावर तिनं चुना आणि हळद कालवून लावली. कोणत्याही गाठीवर आमच्याकडे तोच इलाज. कातडी जळली, फोड आले. गाठ जिरली नाही. मी ओरडले की आई म्हणायची, "सहन कर वं माय. लोकं नाव ठेवून राहिले."

धान निघाल्यावर मालगुजाराच्या अंगणात आम्ही धान वाळवत होतो. ओसरीवर चढायची आम्हाला मनाई. वर बाई तिच्या बहिणीला हळू आवाजात आपल्या मुलीबद्दल, बेबीबद्दल सांगत होती; मी ओसरीलगतच धान पसरत होते, म्हणून ऐकू आलं. बेबी माझ्याच वयाची.

"मी तं घाबरलीच होती. एकाच बाजूले सूज. भंडाऱ्याची डॉक्टरीण हसली. म्हणे, पोरगी वयात येऊन राहिली. एक बाजू आधी येते, दुसरी मागून. दुखतेही. पांढरं जाते, त्यालेही भ्यायचं नाही. पाळीले अजून वेळ आहे म्हणे."

"कधी दाखवलं?"

"उन्हाळ्यातच."

उन्हाळ्यात. रोवणीच्या आधी. म्हणजे माझ्याकडे छत्रीचं टोक करताना बाईला सगळं माहीत होतं. तिच्या पोरीचं ते वय. माझं ते पाप.

मी ओसरीवर चढले.

"बाई, मंग बेबीले कोणी हात लावला होता?"

बाईनं जवळचं सूप भिरकावलं. आम्हा मायलेकींना अंगणातून हाकललं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा दिवाणजी घरी आला. "पोरीनं बाईचे पाय धरावं. नाही तं तुमाले काम नाही." आई रडत माझा हात ओढू लागली. मी हात सोडवला.

"धरतो. पण आधी बाईनं रोवणीच्या साऱ्या बायांसमोर सांगावं, या पोरीले काही झालं नव्हतं म्हणून."

"सौदा करून राहिली का वं?"

"हो."

सौदा जमला नाही. काम गेलं. आई कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता मी मोहाडी, सिहोऱ्याच्या बाजारात कापड विकते. लोक म्हणतात, ही कापडवाली तापट आहे, भावात ऐकत नाही. नाहीच ऐकत. माझ्या पोरीला मी सगळं आधीच सांगितलं. दुखायच्या आधी, डाग पडायच्या आधी. तिच्या मैत्रिणींनाही सांगते. भर बाजारात, आयांच्या देखत. बायका तोंडाला पदर लावतात. "हळू बोल वं, माणसं ऐकून राहिले."

ऐकू देत. त्या ओसरीवर बाई हळूच बोलत होती.

मी हळू बोलणार नाही.