आतून लागणारी कडी

बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीमागे ज्यांनी अख्खी नोकरी काढली, त्या गृहस्थांना सगळे चौकशीमास्तर म्हणत. खिडकीला काच होती, काचेला भोक होतं आणि त्या भोकातून दिवसभर प्रश्न आत येत. गाडी कधी येणार, आली तर कुठे लागणार, सुटली असेल तर मला न घेता सुटलीच कशी. एका बाईंनी तर आपला रुसलेला नवरा कोणत्या गाडीत चढला असेल, हेही विचारलं होतं. मास्तरांनी त्याच्या स्वभावाची चौकशी केली, गाडी सांगितली, आणि नवरा त्याच गाडीत सापडला. असा माणूस घरी आला की घरचे त्याला मोकळा सोडतील, हे शक्यच नव्हतं.

त्यांच्या भाड्याच्या घरातलं बाथरूमचं दार ओल खाऊन असं फुगलं होतं, की ते पुरतं कधी लागतच नसे. कडीचा एक तुकडा दारावर होता, दुसरा आधीच्या कुणा भाडेकरूच्या काळातच गेला होता. आत जाणाऱ्याने भरलेली बादली दाराला लावायची आणि अधूनमधून खाकरत राहायचं, असा घरचा नियम. मास्तरांना खाकरायची गरज पडत नसे, कारण त्यांना सारखं बोलावंच लागे. माणूस एका जागी सापडतो म्हटल्यावर जो तो तेव्हाच विचारायला यायचा. "बाबा, लाइटबिल कुठंय?" "कपाटात, वरच्या खणात, चादरीखाली." मुलाने तर शाळेचा सगळा इतिहास त्या फटीतून पाठ केला. डोळ्यांत साबण गेलेला असताना मास्तरांनी लढायांची सालं सांगितली आहेत, आणि एकही चुकलेलं नाही.

म्हणून निवृत्तीनंतर स्वतःचं घर उभं राहिलं आणि आतलं सामान निवडायला सगळे बसले, तेव्हा मास्तरांची मागणी तयार होती. मुलाला हॉटेलसारख्या पांढऱ्या टाइल्स हव्या होत्या. सुनेला पाय न घसरणारी फरशी हवी होती. बायको म्हणाली, "मला काय, पुसायला सोपं असलं की झालं." मास्तर म्हणाले, "मला बाथरूमला आतून लागणारी कडी हवी."

सगळे हसले. "बाबा, कडी काय मागताय, ती असतेच," मुलगा म्हणाला आणि विषय नळांवर गेला. मास्तरांनी जन्मभर लोकांना उत्तरं दिली होती. स्वतःसाठी काही मागायची त्यांना सवय नव्हती. एकदा मागून झालं म्हणजे मिळालं, अशी त्यांची भोळी समजूत होती.

दुकानात सगळं कुटुंब टाइल्सपाशी अडकलं. पांढऱ्या रंगात एवढी भांडणं भरलेली असतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलाला आवडलेला पांढरा सुनेला दवाखान्यातला वाटत होता, आणि सुनेला आवडलेला पांढरा सासूबाईंना न धुतलेला वाटत होता. विक्रेत्याने सगळ्यांसाठी पाणी मागवलं. पाणी आलं तेव्हा मास्तर जागेवर नव्हते. बायको शोधत निघाली, तर दुकानाच्या मधोमध एक दार नमुन्यादाखल चौकटीसकट उभं केलेलं दिसलं. त्याला ना भिंत, ना छप्पर. दार बंद होतं. बायको बाजूने वळसा घालून पलीकडे गेली. मास्तर कडी घालून, हात मागे बांधून, शांत उभे होते.

"इथं काय करताय?"

"आत आहे," मास्तर म्हणाले.

कडीला खरा विरोध झाला तो दारांच्या विभागात, आणि तोही मायेपोटी, त्यामुळे त्याच्यापुढे इलाज चालेना. सून इस्पितळात नर्स होती. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या बाथरूमला कडी नको. आमच्याकडे अशी माणसं सारखी येतात. आत पाय घसरतो, कडी लागलेली असते आणि घरचे बाहेर दार फोडत बसतात." मुलाने री ओढली आणि दुधी काचेचं सरकतं दार पसंत करून टाकलं. "बाहेरून अंधूक दिसत राहतं, बाबा. तुम्ही उभे आहात की पडलात, लगेच कळेल." हे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं. मास्तर कसनुसं हसले. काळजी करणाऱ्या माणसांशी भांडायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं.

मग त्यांनी सगळ्यांना खूश ठेवायचं धोरण धरलं. मुलाने आणलेल्या नळाला ते छान म्हणाले. त्यात गरम कुठलं नि गार कुठलं, हे अंगावर पडल्यावरच कळणार होतं. सुनेच्या फरशीलाही छान म्हणाले. तिच्यावर पाय घसरणार नव्हता खरा, पण टाचा सोलून निघणार होत्या. आणि दर वेळी शेवटी हळूच विचारायचे, "आणि ती कडी?" की लगेच कुणीतरी दिव्यांचं काढायचं.

शेवटी नशीबच धावून आलं. काचेचं दार टेम्पोतून उतरवतानाच तडकलं. दुसरं यायला वेळ होता, तोवर सुताराने एक साधं लाकडी दार बसवलं. मास्तरांनी त्याला गच्चीवर गाठलं.

"त्या दाराला कडी लाव."

"वहिनींनी नको म्हणून सांगितलंय."

"अरे, तात्पुरत्या दाराला तात्पुरती कडी. त्यात वहिनींना काय विचारायचं?"

सुताराला हे पटलं. बारक्या स्क्रूंवर एक कडी लागली आणि मास्तर मूग गिळून बसले.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी ते आत गेले आणि त्यांनी कडी घातली. मग कमोडचं झाकण पाडून त्यावर कपड्यांनिशी बसले. करायचं काहीच नव्हतं. समोर त्या भांडणातल्या टाइल्स होत्या; त्या चक्क पिवळसर आहेत, हे आज त्यांच्या लक्षात आलं. त्यांना फार बरं वाटलं. इतकं बरं, की डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, चार्जर कुठल्या खोक्यात ठेवलेत?" बाहेरून मुलाचा आवाज आला.

खिडकीखालच्या खोक्यात, टॉवेलात गुंडाळलेले. उत्तर जिभेवर आलं होतं. मास्तरांनी ते गिळलं. मुलाने पुन्हा विचारलं. मास्तर पुन्हा गप्प. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न नुसता जाऊ दिला होता, आणि काहीसुद्धा बिघडलं नव्हतं. बिघडलं ते थोड्या वेळाने.

"बाबा?" हा सुनेचा आवाज होता. "बाबा, ऐकू येतंय का? कडी लावलीत?"

आता ओ द्यावी, असं मास्तरांना वाटलं. पण ओ दिली तर आधी का दिली नाही, हे सांगावं लागेल, आणि ते कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करण्यात त्यांचा वेळ गेला. तेवढ्यात मुलाने खांदा मारला. बारक्या स्क्रूंनी लगेच दम तोडला. दार उघडलं, मुलगा बादलीत जाऊन पडला, मागून सून धावत आली, आणि त्या दोघांना गुडघ्यांवर हात ठेवून नीट बसलेले मास्तर दिसले.

"पडला नाहीत?" सुनेने विचारलं.

"नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बसलो होतो," मास्तर म्हणाले.

सुनेचा जीव भांड्यात पडला तशी ती रडायलाच लागली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कधी नव्हे ते त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. खिडकी, काचेचं भोक, दाराची फट, साबण, लढाया. मुलगा ओल्या कपड्यांत ऐकत उभा राहिला आणि त्याची मान खाली गेली.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" सून डोळे पुसत म्हणाली. "आमच्या इस्पितळात असतात तसल्या कड्या. आतून लागतात, आणि वेळ आलीच तर बाहेरून नाणं घालून फिरवलं की उघडतात. मला वाटलं, तुमचा नुसताच हट्ट आहे."

दुपारी ती स्वतः सासऱ्यांबरोबर जाऊन तशी कडी घेऊन आली. काचेचं दार रद्द झालं. सुताराने लाकडी दारच पक्कं केलं, त्यावर कडी बसवली, ती लावून दाखवली, नाणं घालून उघडून दाखवली. मास्तर खांद्यावर पंचा टाकून तयारच उभे होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको आली. सकाळच्या सगळ्या गोंधळात तिने एक शब्द काढला नव्हता. तिने पदराला हात पुसले.

"थांबा. आधी मी जाते," ती म्हणाली. आत गेली आणि कडी लावली.

पाण्याचा आवाज आला नाही. बादलीचा नाही, नळाचाही नाही. मास्तर दारापाशी उभे राहिले, आणि त्यांच्या मनात एक विचित्र गोष्ट आली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या फुगलेल्या दारातून बायकोला काही विचारल्याचं त्यांना आठवेना. ती अंघोळीला कधी जायची? सगळे उठायच्या आधी, बहुधा. कधी गेली, कधी बाहेर आली, हे घरात कुणाला कळलंच नव्हतं. विचारायला कुणी येईल, इतका वेळ ती आत कधी थांबलीच नव्हती.

"आई कुठंय?" मुलगा आला. "आतमध्ये? एवढा वेळ? आई!"

उत्तर आलं नाही. सकाळचा धसका अजून ओसरला नव्हता; त्याने खिशातून नाणं काढलं आणि कडीला लावलं.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तिचं कधीचं बसायचं राहिलंय."