हळद मीच लावली होती

दिनेशचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाउजचा गळा कापत होते. "शालूताई, आपली माधुरीताई न्हाई राहिली." मी त्याच्यावर खेकसलेच, "काय बोलून राहिलास तू? परवा तर हसत गेली माझ्या दुकानातून!" परवा नव्हे, सहा दिवस झाले होते. तिकडून तिचा तो धाकटा भाऊ नुसता रडत होता. हातातली कातर टेबलावर टाकून मी तशीच पळत सुटले. आज महिना होत आला, तरी कुणी माधुरीबद्दल विचारलं की माझ्या तोंडून "हैदराबादला असते" असंच निघतं.

माधुरी आणि मी हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावच्या शाळेत एका बाकावर बसलो. मी दहावीनंतर शिवणकाम धरलं, ती शिकत शिकत हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेली. सुट्टीला आली की घरी बॅग टाकायची आणि माझ्या दुकानात येऊन बसायची. काय काम करतेस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुझंच. कातरी." आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे म्हणे शरीराचे पोलीस. त्यांच्याजवळ प्रथिनं कापणारी विकरं असतात, शिरलेल्या जंतूचे तुकडे करायला. मला काय कळणार डोंबल! तेव्हा तिनं माझ्या टेबलावरची उघडी कातर उचलून मिटवली.

त्याचं असं आहे, कातर उघडी ठेवली की घरात भांडणं लागतात, हे आमच्या आईनं मला हजारदा सांगितलेलं आणि मी हजारदा विसरलेली. माधुरीनं एवढं विज्ञान शिकून हे मात्र सोडलं नव्हतं. मी चिडवलं, "लई शहाणी ना तू? मग हे काहून मानतेस?" तर हसत सुटली. म्हणाली, "शाले, तुझ्या आईचं बराबर हाय. पेशीसुद्धा कातरी पिशवीत मिटवून ठेवती. कामापुरती काढायची. सगळ्याच कातरी उघड्या पडल्या, तर जंतू राहतो बाजूला आन् आपलंच अंग कापलं जातं." त्या कातरी आवरायच्या कशा, हेच ती बारा वर्षं शोधत होती.

यंदा ती हळदीच्या काढणीला आली. शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं, तिथल्या पत्र्याची धार तिच्या नडगीला लागली. घरी जाता जाता दुकानात आली, ओढणीत माझ्यासाठी लोणच्याला ओली हळद बांधून आणलेली. पायावरून रक्ताचा ओघळ आलेला. मी हातातलं काम टाकून दुकानामागच्या खोलीत धावले, तिनं आणलेल्या हळदीतलीच दोन ओली हळकुंडं उचलली, पाण्याखाली वरवर फिरवली आणि पाट्यावर ठेचली. जखम आधी साबणानं धुवायची, हेसुद्धा मला सुचलं नाही. हळदीच्या मुलखात जखम दिसली की हात आपोआप हळदीकडं जातो. तिला सगळं कळत होतं. पाय मागं घेत म्हणालीसुद्धा, "अगं, माती हाय त्या हळदीला." मी म्हणाले, "गप बस. एवढीशी असल्यापासून लावत आलो, काय झालं का?" तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पाय पुढं केला... माझं मन मोडू नये म्हणून. दवाखान्यात जा म्हणाले, तर म्हणे, "जाते उद्या. आज शेतात माणसं हायेत."

ते उद्या तीन दिवस लांबलं. आधी ताप, मग हिंगोलीचा दवाखाना, मग नांदेडचा; त्या धावपळीत मला कळवायचं राहूनच गेलं. डॉक्टरांनी दिनेशला सांगितलं की जंतू रक्तात पसरला, औषधानं तो आटोक्यात येत होता, पण तिच्याच पांढऱ्या पेशी बेभान झाल्या आणि त्यांनी फुफ्फुसं खराब केली. दिनेश मला हे सांगत होता. हे मी ऐकलेलं होतं. माझ्याच दुकानात, चहा पीत, तिच्याच तोंडून! अशी कशी गेली ही? जिला त्या कातरीचं पातं न् पातं ठाऊक होतं, तीच?

जंतू पत्र्यातून गेला की मातीतून, कुणी सांगू शकत नाही म्हणे. पत्र्यातून असेल, असं मी रोज स्वतःला बजावते. पण हळदीचं मी कुणालाच बोलले नाही. माधुरीच्या आईला, आमच्या काकूंना, तर नाहीच. त्या परवा माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "शालू, तुझ्यात मला माझी माधुरी दिसती बघ." मला तो हात सोडवून पळून जावंसं वाटलं. काकू पेपरातली ही पुरवणी वाचतात, चष्मा लावून, शेवटच्या पानापर्यंत. काकू, हळद मी लावली होती. ती नको म्हणत होती. समोर बसून सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहून सांगतेय.

त्या दिवशी हळद ठेचून मी बाहेर आले, तर टेबलावरची कातर मिटलेली होती. रक्ताचा पाय घेऊन लंगडत उठून तिनं मी टाकलेली कातर मिटवली होती. आणि ती गेल्यावर, तिसरा दिवस करून मी दुकान उघडलं, तेव्हा नवरीचा ब्लाउज तसाच पडलेला. त्याच्यावर कातर... मी टाकली होती तशीच, उघडी.