पाणी बघायला गेलेला माणूस

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षे झाली. हाताखालून गेलेल्या पुष्कळ प्रकरणांचे तपशील पुसट झाले; आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळले. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकराने दिलेला जबाब मला अजून शब्दाशब्दाने पाठ आहे. त्याचे कारण असे की, तो जबाब ऐकून ठाण्यातले सगळे हसले होते आणि त्यात मीही होतो.

साल सांगत नाही. विसाव्या शतकाची तिशी सुरू व्हायच्या जरा आधीची गोष्ट. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. त्या वर्षी आषाढ कसाबसा गेला आणि श्रावण अगदी कोरडा लागला. एका शुक्रवारी दिवेलागणीला खबर आली की, पूर्व भागातल्या एका मागाच्या कारखान्याला आग लागली आहे. आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी बादल्यांनी पाणी मारून आग बरीचशी आटोक्यात आणली होती. सुताची खोली पूर्ण जळाली होती. त्या खोलीत मागासाठी कांड्यांवर सूत भरायला बसलेली एक म्हातारी होरपळली होती. तिला इस्पितळात पाठवले, जागेचा पंचनामा केला आणि माणसांचे जबाब घ्यायला बसलो.

कारखानदार म्हणाला, "साहेब, हे त्याचंच काम. काल माझ्याशी भांडून गेलाय."

कोण, तर त्याच्याकडे दहा वर्षे मागावर बसणारा एक तेलुगू विणकर. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याने एका दिवसाची रजा मागितली. मालकाने ती नाकारली. शब्दाने शब्द वाढला आणि तो माग सोडून निघून गेला. एवढ्यावर मी कोणाला आरोपी केले नसते. पण त्याच कारखान्यात सूत रंगवणारा एक रंगारी पुढे आला. वय पन्नाशीचे, कपाळाला गंध, पेठेत ज्याच्या शब्दाला मान आहे असा माणूस. म्हातारीला बाहेर ओढताना त्याचा उजवा हात भाजला होता, त्यावर ओले फडके गुंडाळलेले होते. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बोलू नये, पन बोलावं लागतंय. आग लागायच्या जरा आधी तेला मागल्या दारानं जाताना बगितलं मी."

तपास करणाऱ्याला अशी खबर मिळाली की हायसे वाटते. मलाही वाटले.

विणकर त्या रात्री घरी नव्हता. त्याची बायको म्हणाली, "सांगून गेले न्हाईत." शनिवारी सकाळी तो पायी चालत आपल्या गल्लीत शिरला, तेव्हा माझे शिपाई ओट्यावर बसलेलेच होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. काखेत गाठोडे, त्यात पिळून ठेवलेले ओले धोतर. सगळे शहर धुळीत न्हाऊन निघाले असताना याच्या पायाला चिखल आणि धोतर ओले. सांगोल्याकडचे माझे हवालदार आपल्या कामात वाकबगार होते. त्यांनी धोतर नाकाला लावले आणि म्हणाले, "राकेलचा वास जावा म्हून धुतलंय, साहेब. दुसरं काय?"

सकाळी दहाच्या सुमारास, सगळी पेठ रस्त्यावर असताना, हातात बेड्या घालून आम्ही त्याला ठाण्यावर आणले.

"काल कुठे होतास?" मी विचारले.

"नळदुर्गाला, साहेब."

"तिथे काय काम होतं?"

"काम न्हवतं. पाणी बगायला गेलतो."

सोलापूरच्या वाचकांना नळदुर्गचा धबधबा सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सोलापूरपासून तीसेक मैलांवर, तेव्हाच्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, हा किल्ला आहे. किल्ल्यातच बोरी नदीला दगडी बंधारा घातला आहे. नदीला पूर आला की बंधाऱ्यावरून दोन मोठ्या धारा खाली कोसळतात. त्यांना नर आणि मादी म्हणतात. बंधाऱ्याच्या पोटात एक महाल आहे. त्याच्या सज्ज्यात बसले की डोळ्यांसमोरून पाणी पडताना दिसते. आमच्याकडचे वकील, डॉक्टर, कारखानदार पावसाळ्यात डबे बांधून मोटारींनी तिथे जात. मीही कुटुंबाला घेऊन एकदा जाऊन आलो होतो.

पण एका विणकराने रोजगार सोडून, मालकाशी भांडून, तीस मैल चालत, नुसते पाणी बघायला जायचे? तेही कोरड्या श्रावणात? हवालदार मोठ्याने हसले. दारावरचा शिपाई हसला. कारकुनाने तोंडावर हात धरला. मी म्हणालो, "अरे, थापा मारायच्या तर जरा बऱ्या मार. पाऊस कुठाय?"

"हितं न्हाई, साहेब. तिकडं वर डोंगरात पडलाय. गुरवारी बाजारात नळदुर्गाचा गाडीवान बोलला, बोरीला पाणी आलंय म्हून."

"बरोबर कोण होतं?"

"कोन न्हाई."

"बायकोला का नाही सांगितलं?"

तो खाली बघत म्हणाला, "तीबी हसली असती की."

त्यानंतर हवालदारांनी त्याला दोन थपडा मारल्या. मी टेबलावर सह्या करत होतो. मान वर केली नाही. स्टेशन डायरीत नोंद केली: 'आरोपी उघड खोटे बोलत आहे.' मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रिमांड दिला.

सोमवारी सकाळी इस्पितळातून निरोप आला की म्हातारी गेली. आता हे नुसते आगीचे प्रकरण राहिले नाही, खुनाचे कलम लागले. मी कोठडीपाशी जाऊन विणकराला तसे सांगितले. फाशीची भीती दाखवली की माणसे बोलती होतात, असा माझा तोवरचा अनुभव. हा मात्र खाली बसला. "आमी तिला अम्मा म्हनायचो," एवढेच म्हणाला. मी निघालो तसे त्याने गज धरले.

"साहेब, काय करायचं ते करा. पन मी खोटं बोललो असं लिवू नका. दोन धारा व्हत्या. यक धार दुपारी बारीक व्हत गेली, सुतासारखी झाली, मग दगडच दिसाय लागला. दुसरी दिवा लागायच्या वक्ताला थांबली. तितं जाऊन इचारा की कुनालाबी."

मी खोलीत येऊन बसलो, पण मन कागदात लागेना. खोटे बोलणारे शेकडो लोक मी ऐकले होते. न गेलेल्या ठिकाणाचे वर्णन करताना माणूस सगळ्यांना ठाऊक असलेले तेच सांगतो: पाणी धो धो पडत होते, तुषार उडत होते. हा मला पाणी थांबल्याचे सांगत होता. धबधबा बंद पडल्याची थाप कोण मारील?

इन्स्पेक्टरसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "मोगलाईत चौकशी करायची तर वरून पत्रव्यवहार करावा लागेल. दोन महिने जातील. आणि एवढं कशासाठी? साक्षीदार आहे ना?" मी मंगळवारची रजा मागितली. काय कामासाठी, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "नळदुर्गला जाऊन येतो." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी ओळखली. दोन दिवसांपूर्वी ती माझीच होती.

साध्या कपड्यांत सर्व्हिस मोटारने गेलो. बंधारा कोरडा होता. महालाच्या सज्ज्यासमोर ओलसर काळा दगड आणि त्यावर शेवाळ, एवढेच. मात्र खाली नदीच्या काठाला ताज्या गाळाची रेघ दिसत होती. पाणी येऊन गेले होते, यात शंका नव्हती.

किल्ल्याच्या दरवाजावर एक म्हातारा पहारेकरी होता. त्याला विचारले, शुक्रवारी इथे कोणी आले होते का?

"हौ जी, आया था ना एक," तो लगेच म्हणाला. "अजीब आदमी. लोगां आते, खाते-पीते, चिल्लाते, जाते. उने बस पानी देखते बैठा था. मैं जुम्मे की नमाज कू गया तब भी बैठा, वापस आया तब भी बैठा."

"दिसायला कसा?"

"दुबला. कान में बाली. इधर जखम का पुराना निशान," म्हणून त्याने डाव्या भुवईवर बोट ठेवले. "शाम कू मैं बोल्या, बाबा, दरवाजा बंद करने का टैम हुआ. उने बोल्या, जरा रुको चाचा, खतम होने दो."

विणकराच्या डाव्या भुवईवर वण होता. अटकेच्या कागदावर तो मीच लिहिला होता.

येताना मोटारीत मी वेळांचा हिशेब मांडत होतो. दिवेलागणीला जो माणूस नळदुर्गच्या दरवाजात होता, तो त्याच वेळी सोलापुरात कारखान्याच्या मागल्या दाराने जाऊ शकत नव्हता. मग रंगाऱ्याने पाहिले कोणाला? आणि कोणालाच पाहिले नसेल तर तसे सांगितले का?

ठाण्यावर आल्यावर पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिले होते: सुताच्या खोलीला लागून रंगाची भट्टी, भट्टीखाली राख व अर्धवट जळालेली लाकडे, भट्टीच्या बाजूचे सूत सर्वांत जास्त जळालेले. तीन ओळी. मी त्या लिहिल्या, सही केली आणि पुढच्या पानावर गेलो, कारण तोवर मला आरोपी मिळालेला होता.

बुधवारी रंगाऱ्याला बोलावले. खुर्ची दिली, हात कसा आहे ते विचारले. हवालदारांना बाहेर थांबायला सांगितले. मग एकच प्रश्न विचारला, "आग लागली तेव्हा तुमची भट्टी पेटलेली होती की विझवलेली?"

त्याला इतक्या दिवसांत कोणीही हे विचारले नव्हते.

"चहा प्यायला गेलतो, साहेब. निखारं तसंच ठेवून. रोजच ठेवायचो. वारं सुटलं. आलो तवर धूर निगत व्हता. म्हातारीला वडली मी, खरंच वडली. पन लोक इचारायला लागले, कुनी लावली, कुनी लावली. मालक तेचं नाव घेत व्हते. माज्या तोंडातून निगून गेलं."

"नंतर सांगायचं होतं."

"कसं सांगनार? तीन दिवस इस्पितळाच्या पायरीवर बसून व्हतो. ती सुदीवर आली तर सांगल, भट्टी रंगारी तशीच सोडून गेलता म्हून. आदी वाटायचं, देवा, तिला जगू दे. मग वाटायचं…" भाजलेला हात त्याने तोंडावर दाबून धरला.

हा माणूस वाईट नव्हता. म्हातारीला वाचवायला तो आगीत शिरला होता, हे खरेच होते. आणि त्याच माणसाने एका निरपराध्याला फासाच्या वाटेवर उभे केले होते, हेही खरे होते. मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर त्याने सगळे कबूल केले आणि पुढे त्याला शिक्षा झाली.

विणकराला त्याच दुपारी सोडले. कागदावर त्याचा अंगठा घेतला, गाठोडे परत दिले. त्याने नमस्कार केला नाही की रागही दाखवला नाही. मला वाटले, प्रकरण मिटले.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, तेला कुनी मागावर घेईना. लोक म्हनत्यात, काय तरी असल्याबिगर पोलीस नेतंय व्हय?"

"पण त्याला सोडलंय. निर्दोष म्हणून सोडलंय."

"नेताना समद्या पेठेनं बगितलं, साहेब. सोडलेलं कुनी बगितलं?"

शुक्रवारी सकाळी, बरोबर दहा वाजता, मी गणवेश चढवला, विणकराला ठाण्यावर बोलावून घेतले आणि ज्या रस्त्याने त्याला आणले होते, त्याच रस्त्याने त्याच्या बरोबरीने चालत निघालो. हवालदारांनाही बरोबर घेतले. त्यांना ते अवघड गेले, पण आले. माग थांबले, माणसे दारात आली. त्याच्या जुन्या मालकाच्या दारासमोर मी मुद्दाम थांबलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले की, याने काहीही केलेले नाही, चूक पोलिसांची झाली. हवालदार जमिनीकडे बघत उभे होते. थोड्या वेळाने तेच पुढे झाले आणि विणकराला हळूच म्हणाले, "माझा हात उठायला नगं व्हता, गड्या."

त्याच्या घरी ओट्यावर बसलो. बायकोने तांब्याभर पाणी आणले. ते पिताना माझ्या लक्षात आले की, कुठे होतास, कधी निघालास, बरोबर कोण, हे मी याला चार दिवस विचारत राहिलो. पण का गेलास, हे खऱ्या अर्थाने विचारलेच नव्हते. ते आता विचारले.

त्याने बायकोकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"बारा वर्सांचा व्हतो तवापासून मागावर हाय, साहेब. दिवसभर धागा तुटतो, आमी सांधतो. परत तुटतो, परत सांधतो. तितं ते पाणी वरून येतंय, येतंय, कुटं तुटतच न्हाई. कुनी सांधाय लागत न्हाई. लई बरं वाटलं. संपंतवर बसू म्हटलं."

त्याची बायको हसली नाही. ती म्हणाली, "मला न्यायचं व्हतं की."

चार-सहा दिवसांनी त्याला दुसऱ्या कारखान्यात माग मिळाला. त्यानंतर त्याची माझी गाठ पडली नाही.

गरीब माणूस चालतो तो पोटासाठी, सोयरिकीसाठी, मयतीसाठी, फार तर देवासाठी, असे मी धरून चाललो होतो. नुसते डोळे भरून काही पाहावे, ही हौस मी माझ्यासारख्यांच्या नावावर लिहून ठेवली होती. एवढ्या एका समजुतीपायी माझ्याच हाताने लिहिलेला पंचनामा मला दिसला नाही आणि एक माणूस फासाच्या तोंडाशी गेला. पुढे अनेक ठाण्यांवर काम केले. कोणाही आरोपीच्या जबाबावर खोलीत हसू फुटले की मी हसणाऱ्यांना बाहेर पाठवत असे. पुष्कळदा आधी मलाच उठून, व्हरांड्यात एक फेरी मारून, मग परत येऊन बसावे लागे.