शीर चढली

इंझोरीच्या भागिरथाबाईच्या बोटांना डोळे आहेत, असं आम्ही म्हणायचो. मुरगळलेला पाय, लचकलेली कंबर, चढलेली शीर. चाळीस वर्षं तिनं गावाचं दुखणं कोमट तेलानं उतरवलं. त्याचा तिला ताठा होता, आणि तो तिला शोभायचा.

तिचा भाचा सतीश बत्तीस वर्षांचा, कबड्डीत चढाईला नामी. रिठदच्या सामन्यात त्यानं पकडणाऱ्याच्या अंगावरून उडी घेतली. पाय टेकला तसा गुडघ्यात दोर तुटावा असा आवाज झाला. आम्ही त्याला उचलून थेट आत्याच्या ओट्यावर आणलं.

तिनं चाचपलं. गुडघ्याची वाटी वर सरकलेली, खाली बोट रुतेल एवढी पोकळी.

"आत्या, दवाखान्यात जाऊ काय?"

"कायले? शीर चढली, तिनं वाटी वर ओढून धरली. चढलेलं उतरते. तुले नुसती चढाई येते, उतरणं मालूम नाई!"

सारे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो.

तीन आठवडे ती वाटी खाली दाबत राहिली. हात काढला की वाटी पुन्हा वर. पाय ताठ उचल म्हटलं तर सतीशची टाच बाजेवरून हलायची नाही. बोटांना कळलं होतं. तोंडानं कबूल केलं नाही.

शेवटी आम्ही त्याला अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, वाटीला नडगीशी बांधणारी दोरीच तुटली आहे. "पहिल्या आठवड्यात आला असता तर टोकाला टोक शिवलं असतं. आता टोकं आखडली. मांडीमागची दुसरी दोरी काढून जोडावी लागेल. चोळलं कोणी?"

"कोणीच नाई," सतीश म्हणाला.

भागिरथाबाई भिंतीशी उभी होती. तिनं हात पदराखाली घेतले. मग बाहेर काढले.

"म्या चोळलं, साहेब."

ऑपरेशन झालं. सहा आठवडे पाय पट्ट्यात ताठ. वर्ष झालं, सतीश चालतो. मैदानात उतरत नाही.

परवा कमलीबाई दुखरा गुडघा घेऊन ओट्यावर आली.

"पयले पाय ताठ उचलून दाखव," भागिरथाबाई म्हणाली.

कमलीबाईची टाच सहज वर आली. तरी आत्याचे हात स्वतःच्या मांडीवरच राहिले. सतीश तेवढ्यात रस्त्यानं लंगडत चालला होता.

"लाव ना आत्या तेल," तो हसत म्हणाला, "हिची खरंच शीर चढली असल."

भागिरथाबाईनं मान वर केली नाही.