एका बोटानं दाखवा

आमच्या वाणगावच्या सरोजिनीताई डॉक्टरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून हे पुस्तक. त्यात मीही लिहावं म्हणे! चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. पण सांगितलंत ना, आता ऐका.

आमच्या घरी टीव्ही आला त्या वर्षी ताईंची पहिली गाठ पडली. त्याआधी दोन वर्षं मिरचीच्या वाफ्यात पडून माझ्या गुडघ्याची वाटी फुटली होती. मुंबईला ऑपरेशन झालं, टाके सुकले, चालू लागले; दुखणं मात्र राहिलं. लुगड्याचा काठ लागला तरी आग व्हायची. एक्स-रेच्या फोटोत काही दिसेना. मग घरचे काय म्हणणार? आमची सून सुनंदा शेजारणीला म्हणाली, "मिरची तोडायची वेळ झाली की सासूबाईंचा गुडघा उठतो." मला ऐकू आलं. पण खोटं कशाला बोलू, रोज सकाळी गरम तेलानं गुडघा रगडायचीही तीच. आणि मी? "जोर लाव गं, जेवली नाहीस का?"

शेवटी सुनंदा मला ताईंच्या दवाखान्यात घेऊन गेली. ताईंनी फोटो बाजूला ठेवला. म्हणाल्या, "मावशी, कुठे दुखतं ते एका बोटानं दाखवा. पंजा नको." मी व्रणाशेजारी बोट टेकवलं. त्यांनी तिथे हलकी टिचकी मारली, तशी माझ्या तोंडून शिवीच गेली! ताई हसल्या. "सापडली. गुडघा बरा आहे. ऑपरेशनात कातडीखालची बारीक नस दुखावली, ती ओरडते आहे." तिथेच बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "बसा खाली." मी फरशीवर मांडी घालून बसले!

सुनंदा रडायलाच लागली. "म्हणजे मी रोज त्या नसेवरच रगडत होते?"

"पोरी, जोर कोण मागत होतं?" ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या. मी आपलं लुगडं सावरलं.

इंजेक्शनचा गुण संध्याकाळी उतरला. पुढे त्या नसेचं छोटं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखाना बंद ठेवून ताई माझ्यासोबत आल्या. माझ्या डब्यातली मिरचीची भाजी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी "छान झालीय" म्हणाल्या. अशा त्या! तेवढी जागा अजून बधिर आहे, पण मिरची तोडताना मी सुनेच्या पुढे असते.

ताई, वयानं मोठी म्हणून हक्कानं सांगते, शंभरीपर्यंत अशाच ताठ चाला. आणि कधी कुठे दुखलंच, तर एका बोटानं दाखवा. फोटोत दिसो न दिसो, आम्ही खरं मानू.