गोजरबाई तिसरीत बसते

गोजरबाईनं एकतीस हंगाम ऊस तोडला. बत्तिसाव्याला गुडघे बसले ते उठलेच नाहीत, तेव्हा मुलगा रविंद्र म्हणाला, "आये, तू औंदा घरीच ऱ्हाय." तो आणि सून सपना टोळीच्या ट्रकमध्ये चढले. सोबत आठ वर्षांची राजनंदिनीही गेली, कारण आईबाप फडात वाकले की तिच्या दोन वर्षांच्या भावाला सांभाळायचं कोणी? पोरीची तिसरी तिथंच थांबली. पंधरा दिवसांत हिंगोलीकडची, डोंगरकड्याच्या पलीकडची त्यांची वाडी रिकामी झाली. मागं उरले म्हातारे, शेळ्या, आणि शाळेत तीन लेकरं.

ऊसतोडीच्या लेकरांनी गावातच राहून शिकावं म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर झालं होतं. दोन वेळचं जेवण शाळेत, झोपायला आजी-आजोबांकडे. यादीत नावं बावीस. ती मोजायला तालुक्याहून साहेब बुधवारी येणार होते.

मंगळवारी प्रज्ञेश सर दारोदार फिरले. गोजरबाईच्या ओट्यावर टेकून म्हणाले, "आजी, बावीस भरले न्हाईत तर वसतिगृह बंद. त्या तिघांचं जेवण बी बंद. एक दिवस राजनंदिनीच्या जागेवर बसा."

"मला पाहून साहेबाला कळणार न्हाई व्हय?"

"साहेब तोंडं न्हाई पाहत आजी. डोकी मोजतात."

बुधवारी तीन लेकरं आणि एकोणीस म्हातारे सतरंजीवर ओळीनं बसले. टोळीसोबत गेलेल्या नातवाच्या जागेवर बसलेल्या धर्मसिंगनं तर पागोटं काढून केसांना तेल लावलं होतं. साहेबांनी नाव पुकारलं, "राजनंदिनी रविंद्र?"

"हजर."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "वय?"

"आठ."

"दात?"

"दुधाचे पडले."

साहेबांनी लिहून घेतलं. फॉर्ममध्ये सुरकुत्यांचा रकाना नव्हता, त्यामुळे हरकत घ्यायला त्यांना जागा सापडेना. बावीस डोकी भरली. साहेब पोहे खाऊन गेले.

बाकीचे म्हातारे दुसऱ्या दिवशी शेळ्यांमागं गेले. गोजरबाई मात्र पुन्हा शाळेत. सर म्हणाले, "आजी, आता कशाला?"

"हजेरीत पोरीच्या नावावर नागा नको."

सरांनी हजेरी लावली. महिनाभर ती रोज आली. आठचा पाढा पाठ केला, आरोग्य तपासणीत उंची मोजून जंताची गोळी घेतली, कविता म्हणताना डोललीसुद्धा. दुपारच्या सुट्टीत ती सपनाच्या मोबाइलवर फोन लावायची. तिकडं सांगली जिल्ह्यातल्या फडावर, पाचटाच्या खोपीपुढं भावाला कडेवर घेऊन राजनंदिनी तो उचलायची आणि आजी तिला सकाळचा धडा सांगायची.

एकदा पोरीनं विचारलं, "आज्जे, तू माझ्याच जागेवर बसून राहिलीस का? खिडकीपाशी?"

"व्हय."

"बाहेरून काय दिसतंय आज?"

गोजरबाईनं पाहिलं. हातपंप, त्यावर बसलेला कावळा. तिनं तेवढंच सांगितलं. पोरगी म्हणाली, "आणखी सांग ना."

गोजरबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सकाळी तिनं सरांकडून रजेचा अर्ज लिहून घेतला: 'राजनंदिनीला आणायला जायचे असल्याने चार दिवस रजा मिळावी. आपली आज्ञाधारक, राजनंदिनी.' सरांनीच तो पुन्हा वाचला, डोकं खाजवलं आणि मंजूर केला.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजी, बायांना अर्धं तिकीट हाय."

"मी तशी बी आठ वर्षांचीच हाव," म्हातारी म्हणाली.

तीन गाड्या बदलून ती फडावर पोचली. रविंद्र कोयता हातात घेऊनच धावत आला. "आये, काहून आलीस? पोरीला नेलंस तर बारक्याला कोण पाहील?"

"त्याला बी नेते."

"तुझे गुडघे?"

"वर्गात बसायला गुडघे लागत न्हाईत."

रविंद्र आणखी वाद घालणार होता. सपनानं तोवर खोपीत जाऊन पोरांचे कपडे गाठोड्यात बांधायला घेतले होते. शेवटचं झबलं तिनं नुसतंच हातात धरून ठेवलं, मग तेही कोंबलं आणि गाठ मारली.

माघात साहेब पुन्हा आले. बाकीचे म्हातारे पुन्हा ओळीनं बसले होते, पण खिडकीपाशी खरी राजनंदिनी होती. तिच्या मांडीवर भाऊ झोपला होता. साहेबांनी आरोग्य तपासणीचा कागद काढला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सर, या मुलीची उंची डिसेंबरात चार फूट अकरा इंच होती. आता पावणेचार? मोबाइलमधल्या ॲपात उंची कमी केलेली चालत नाही."

दारात बसलेली गोजरबाई म्हणाली, "मग आधीचीच ठेवा साहेब. गाठंल ती."

साहेबांनी पोरीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि चार फूट अकरा इंच कायम केलं.

संध्याकाळी वसतिगृहात वरण-भात वाढला गेला. राजनंदिनीनं आधी भावाला भरवलं, मग स्वतः तीन वेळा भात मागून घेतला. दारापाशी धर्मसिंग कधीचा घुटमळत होता. शेवटी गोजरबाईजवळ येऊन त्यानं हळूच विचारलं, "सांगलीकडं जायची एसटी हिंगोलीहून किती वाजता सुटते गं?"